तिनातिनाने वाचणाऱ्या टिपणीस बाई

आमच्या ठाकुर्लीच्या बिल्डिंगमध्ये टिपणीस बाई जिन्यात भेटल्या, की घाईत आहे असं सांगून काही उपयोग नसतो. त्या रेलिंगला पिशवी अडकवतात आणि विचारतात, "बबन गवत उचल. यातला पहिला ब काढला तर काय उरेल?"

मागे एका कुरिअरवाल्याला त्यांनी असंच धरलं होतं. "अरे, प्रत्येक पेशीत मजकूर असतो. अक्षरं फक्त चार. पण वाचायची तीन-तीन. तीन अक्षरांचा एक शब्द, एका शब्दाला एक अमिनो आम्ल. आम्लाला आम्ल जोडत गेलं की प्रोटीन. तुझे केस, तुझे स्नायू, सगळं असं वाचून झालंय. आता पहिला ब काढ आणि वाच तिनातिनाने!"

तो बिचारा पार्सल छातीशी धरून म्हणाला, "बनग... वतउ... चल."

"बघ! एकच अक्षर गळलं आणि बबन गेला, गवत गेलं. उरलं काय?"

"चल," असं म्हणून तो जो सुटला, तो लिफ्टसाठीही थांबला नाही.

बाई डोंबिवलीच्या एका कॉलेजात बायोलॉजी शिकवायच्या. रिटायर झाल्या, पण तास संपला नाही. "तिसऱ्याला माफी!" हे त्यांचं आवडतं वाक्य. म्हणजे त्या तीन अक्षरांतलं तिसरं बदललं, तरी पुष्कळदा आम्ल तेच येतं. पहिलं बदललं तर बहुतेक वेळा घोळ. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्यामुळे माझे सगळे अपराध बाई पोटात घालतात. पहिल्या मजल्यावरच्या गुप्ते काकांना ही सवलत नाही.

यंदा गणपतीत बाईंनी कमिटीला सांगितलं, "ऑर्केस्ट्रा नको. आपण प्रोटीन बनवू."

मग बाईंनी हुकमाचं पान टाकलं. "अमिनो आम्लं वीस आणि आपले फ्लॅट वीस. याला योगायोग म्हणतात का?"

चेअरमन म्हात्रे शेठ म्हणाले, "बाई, त्यात मना काय काम?" बिल्डिंग त्यांच्याच शेतावर उभी आहे, त्यामुळे त्यांना काम देणं भागच होतं.

"तुम्ही थांबा."

"आं? मी बोल्लो काय?"

"अहो, 'थांबा' हेच तुमचं काम. शेवटचे तीन कागद वाचले, की तुम्ही हात वर करायचा. साखळी तिथे संपते."

शेठ खूश झाले. सगळ्यांना थांबवायचं काम त्यांना जन्मजात जमतं.

पार्किंगमध्ये दोन खांबांना कपडे वाळत घालायची दोरी बांधली. चिमटे लावून ए, यू, जी, सी या चार अक्षरांचे कागद टांगले. प्रत्येक फ्लॅटमधला एक जण आपल्या आम्लाची पाटी गळ्यात घालून उभा. दोरीशेजारून चालत तीन-तीन अक्षरं वाचायची जबाबदारी माझ्यावर. ज्याचं नाव निघेल त्याने येऊन आधीच्याचा हात धरायचा. सुरुवात नेहमी मेथिओनिनने होते, म्हणून ती पाटी बाईंनी स्वतःकडे ठेवली. त्या दिवसापासून पोरं त्यांना मेथी मॅडम म्हणतात.

एक अडचण होती. गुप्ते काका आणि त्यांच्या डोक्यावर राहणारे पाटणकर काका यांच्यात बाथरूमच्या गळतीवरून बोलणं बंद. बाईंनी मजकूरच असा निवडला होता, की दोघांचीही पाळी येऊ नये.

माईक लागला. मी वाचलं, "ए, यू, जी!" बाई टाळ्यांच्या गजरात पुढे आल्या. तेवढ्यात पंखा फिरला, एक चिमटा सुटला आणि चौथा कागद उडून थेट आरतीच्या ताटात पडला. मी उरलेलं वाचलं, "ए, जी, ए!"

"आर्जिनिन!" बाई ओरडल्या. गुप्ते काका दचकून पुढे आले.

"ए, ए, यू!"

"अॅस्परॅजिन!"

ती पाटी पाटणकर काकांच्या गळ्यात. मी हळूच म्हणालो, "बाई, कागद परत लावू का?"

"मुळीच नाही! पेशी काय कागद शोधत बसते? वाचलं तसं जोडा!"

पाटणकरांनी गुप्त्यांचा हात धरला. चिमटीत मेलेलं झुरळ धरावं तसा, पण धरला. मी पुढे वाचत गेलो आणि शेवटी दोरीवर दोनच अक्षरं उरली.

"बाई, माजा नंबर कवा यनार?" शेठ हात वर करून ताटकळले होते.

"नाही येणार, शेठ! तुमचं त्रिकूट फुटलं!"

"मंग यांना थांबवनार कोन?"

"कोणीच नाही!" बाई आनंदाने किंचाळल्या. ढोलकी वाजायला लागली, पाट्या गळ्यात नाचवत उरलेले फ्लॅटही साखळीत शिरले आणि गरागरा फिरायला लागले. गुप्ते आणि पाटणकर मध्ये अडकले, घामाघूम झाले. एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत, पण सोडला असता तर पडले असते, म्हणून हात काही सुटला नाही.

नंतर आम्ही खुर्च्यांवर दम खात बसलो. बाईंची मुलगी सई सुट्टीला नाशिकहून आली होती. समोर ती कमरेवर हात ठेवून, मान तिरकी करून शेठना काहीतरी समजावत होती. मला नव्या ज्ञानाची झिंग चढलेली.

"बाई, सई डिट्टो तुम्ही हो! हे कुठल्या तीन अक्षरांत लिहिलेलं असतं?"

बाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसला.

"सई चार महिन्यांची असताना आणली मी, मंदार. लग्न काही केलं नाही, पण लेक हवी होती. तिच्यात माझं एकही अक्षर नाही."

बाई तिकडेच बघत होत्या.

"मेथी निवडताना देठ माझ्यासारखेच बाजूला रचते. फोनवर 'हं, बोल' म्हणते, तेही तसंच. वर्गात आनुवंशिकता शिकवून घरी यायचे आणि बघत बसायचे."

"मग हे येतं कुठून?"

जिन्यात कुणालाही अडवून उत्तर देणाऱ्या बाई अगदी हळू म्हणाल्या, "मी नाही रे कधी शोधलं. उगाच काहीतरी चूक निघायची."

"आई!" सईने हाक मारली. बाई इतक्या लगबगीने उठल्या, की मागे खुर्ची उलटी पडली.