ब्रेकच्या आधीचा आवाज

"आला! आत्ता आला बघ. ऐकलास?" स्टिअरिंगवरचा एक हात उचलून घड्याळजी ओरडले.

"ऐकला," बायको म्हणाली. "तुम्ही आधी तो हात खाली ठेवा."

आवाज तसा मोठा नव्हता. पत्र्याच्या डब्याचं झाकण अंगठ्याने दाबावं तसा, टुक. पण घड्याळजींची सगळी हयात कान लावून काम करण्यात गेली होती. दुकानात भिंतीवरची चाळीस घड्याळं एकदम चालू असताना त्यांतलं कुठलं अडखळतंय, हे ते चहा पिता पिता सांगत. अशा माणसाने सोळा वर्षं वापरलेली गाडी हौसेने घ्यावी, ती इंजिनाने अगदी ठणठणीत निघावी, आणि नेमका तिच्यात एक न सापडणारा टुक असावा! घड्याळजींची झोप उडाली होती.

बायकोने गाडीला कधी नाव ठेवलं नव्हतं. ती फक्त बसल्याबरोबर दारावरची कडी धरायची आणि घर येईपर्यंत सोडायची नाही. मनातलं ती बोलली मंगळवारी. त्या दिवशी लेक बाळंत झाली होती आणि नातीला पाहून दोघं परत येत होती.

"रविवारी दोघींना घरी आणायचंय. तोवर हा आवाज गेला तर या गाडीतून आणू. नाहीतर टॅक्सी सांगा. आणि टॅक्सीच सांगायची असेल तर ही गाडी दारात कशाला ठेवायची, तेही सांगा."

लेक दोन वर्षांची असताना तापाने फणफणली होती, आणि तिला छातीशी धरून घड्याळजी पाऊण तास बसच्या रांगेत उभे होते. ते त्यांना अजून सलत होतं. नातीला आपण आपल्या गाडीतून घरी आणायचं, एवढ्यासाठीच तर त्यांनी गाडी घेतली होती.

बुधवारी सकाळी त्यांनी दुकान उघडायच्या आधी गॅरेज गाठलं. मिस्त्री गाडीखाली शिरला, सगळं हलवून पाहिलं, मग शेजारी बसून घड्याळजींना दोन चकरा मारायला लावल्या. एक टुक नाही. मिस्त्रीने स्वतः चालवली. तरी नाही.

"आवाजच नाही, तर दुरुस्त काय करू?"

"कालच आला हो. सातदा आला."

मिस्त्रीने पुढच्या चाकांजवळची जुनी रबरं बदलून दिली. घड्याळजी एकटेच घरी गेले, गाडी कशी लोण्यासारखी चालली. संध्याकाळी बायकोला घेऊन दवाखान्यात निघाले, आणि कोपरा ओलांडायच्या आत टुक.

गुरुवारी सायलेन्सरचे पट्टे आवळून झाले. शुक्रवारी इंजिनाखालचं रबर नवीन बसलं. गॅरेजमधून निघताना गाडी रोज शहाण्यासारखी चालायची आणि संध्याकाळी दवाखान्याच्या वाटेवर रोज बोलायची. घड्याळजींनी शेवटी दुरुस्तीला आलेल्या घड्याळासारखं गाडीचंही टिपण ठेवलं आणि वही मिस्त्रीपुढे धरली.

मिस्त्री मोठ्याने वाचू लागला. "वळण, एकदा. बस आडवी आली, दोनदा. कुत्रं, एकदा, जोरात. हिला दुकानातला किस्सा सांगत होतो, चारदा." त्याने मान वर केली. "कुत्र्याचा आणि किश्श्याचा काय संबंध?"

"तेच तुम्ही सांगायचं. पण मुख्य गोष्ट पुढे आहे." घड्याळजींचा आवाज खाली आला. "मी ब्रेक दाबायच्या आधी येतो हा आवाज. अर्धा सेकंद आधी. मी मोजलंय."

"म्हणजे तुम्ही ब्रेक दाबणार, हे गाडीला आधीच कळतं?"

"तसंच दिसतंय."

"मग हिला माझ्याकडे कशाला आणता? भविष्य सांगायला बसवा चौकात." मिस्त्रीने वही परत दिली. "घड्याळवाले, राग मानू नका. पण एकदा कान दाखवून घ्या."

कान! पस्तीस वर्षं ज्या कानावर दुकान चाललं तो कान! घड्याळजींना हे फारच लागलं. शनिवारी सकाळी त्यांनी बायकोला साक्षीदार म्हणून बरोबर घेतलं आणि गाडी सरळ गॅरेजसमोर उभी केली.

"विचारा हिला!"

"येतो हो आवाज," बायको म्हणाली. "आत्ता इथे येतानासुद्धा आला. पाच-सहादा."

"वहिनी, तुम्ही उतरू नका," मिस्त्री हात पुसत म्हणाला. "मी मागे बसतो. ऐकवाच मला एकदा."

मोठ्या रस्त्याला लागल्यावर घड्याळजींनी मुद्दाम वेग वाढवला. पुढून एक ट्रक अंगावर आल्यासारखा वळला.

टुक.

"आला!" घड्याळजी आनंदाने किंचाळले. "ऐकलंत?"

मिस्त्री दोन सीटांच्या मधून पुढे वाकला होता. त्याने एकदा ऐकलं, दुसऱ्या टुकला खाली पाहिलं, आणि तिसऱ्या टुकनंतर शांतपणे मागे टेकून बसला. "चला परत," तो म्हणाला. "सापडला."

गॅरेजमध्ये बायको बाहेर खुर्चीवर बसली. मिस्त्रीने घड्याळजींना पलीकडच्या दारापाशी नेलं आणि तिच्या जागेसमोरची पायाखालची चटई उचलली. तिथला तळ कधीतरी गंजला असावा. आधीच्या मालकाने त्यावर हातभर पत्रा टाकून मोकळाच ठेवला होता. मिस्त्रीने तो अंगठ्याने दाबला. टुक.

"वहिनी ब्रेक मारतात," तो हळूच म्हणाला. "तुमच्या आधी."

घड्याळजींनी खिशातली वही काढली आणि पहिल्यापासून वाचली. वळण, एकदा. बस, दोनदा. किस्सा, चारदा. किस्सा सांगताना आपण रस्त्याकडे नाही, तिच्याकडे बघतो, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. आठवडाभर शेजारी बसून ती घाबरत होती, आणि एवढ्या तयार कानाच्या माणसाला तेवढंच ऐकू आलं नव्हतं. त्यांना स्वतःची खरोखर लाज वाटली.

"चार स्क्रू मारतो. पाच मिनिटांचं काम," मिस्त्री म्हणाला.

"पत्रा मजबूत आहे?"

"हत्ती उभा राहील."

"मग राहू दे तसाच." त्यांनी चटई नीट पसरली. "उपयोगाचा आहे."

"काय निघालं?" बायकोने बाहेरून विचारलं.

मिस्त्रीने घड्याळजींकडे पाहिलं. "काही नाही, वहिनी. जोरात चालवली की येतो. हळू चालवली की येणार नाही."

आणि तसंच झालं. रविवारी सकाळी दवाखान्यात जाताना घड्याळजी रस्त्यावरची नजर हलवत नव्हते. वळणावर एकच बारीक टुक आला, त्यांनी लगेच वेग कमी केला, पुढे सगळं शांत. "बाई! गेला की आवाज," बायको म्हणाली आणि तिने चक्क कडी सोडली. घड्याळजींनी मिशीतल्या मिशीत हसून घेतलं.

पण दवाखान्यात नात पहिल्यांदा त्यांच्या हातात दिली गेली आणि सगळा घोटाळा झाला. केसासारख्या स्प्रिंगा बसवताना न हललेले ते हात थरथरू लागले आणि थांबेचनात.

"या हातांनी गाडी चालवणार?" बायको म्हणाली. "चावी जावईबापूंना द्या."

जावई आदल्याच दिवशी कामाच्या गावाहून आला होता आणि घरी पोचायची त्याला भलतीच घाई होती. बायको आणि लेक बाळाला घेऊन मागे बसल्या, घड्याळजी पुढे, त्याच्या शेजारी. त्यांनी कडी धरली. पहिल्याच वळणावर टेम्पो आडवा आला.

टुक.

"अगं बाई, हा आहेच अजून!" मागून आवाज आला.

स्कूटर. टुक. सायकलवरच्या पोरांची रांग. टुक, टुक.

बायको वाकून दोन सीटांच्या मधून पाहू लागली. "अहो, पाय काय रोवलाय असा! ब्रेक तिकडे आहे, जावईबापूंच्या पायाशी." मग ती लेकीकडे वळली. "बघ तुझे बाबा! आठवडाभर यांच्याच पायाचा आवाज, आणि त्या बिचाऱ्या मिस्त्रीला गाडीखाली लोळवलं."

लेक हसली. जावईही हसला.

आठवडाभर आपले दोन्ही पाय पलीकडे, चालवणाऱ्याच्या जागी होते, हे सांगायला घड्याळजींनी तोंड उघडलं आणि मान मागे वळवली. नात आजीच्या मांडीवर गाढ झोपली होती. आजीचे दोन्ही हात तिच्याभोवती होते. आणि आजीचा उजवा पाय तळाला घट्ट रुतलेला होता, बोटं पांढरी पडेपर्यंत. मागचा पत्रा धड होता, म्हणून आवाज तेवढा येत नव्हता.

"चुकलंच माझं," घड्याळजी म्हणाले आणि पुढे वळले. "जावईबापू, जरा हळू घ्या."