ऐकून घेणारे संपतराव

महापालिकेची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि कर्वेनगरचे नगरसेवक संपतराव धुमाळ एकही मत न गमावता माजी झाले. फोन आधी कमी झाले, मग थांबलेच. मोबाइल बिघडला असेल, असं म्हणून पत्नी पद्मजाबाईंनी त्यांना दुकानात पाठवलं. मोबाइल उत्तम होता.

जवळच्या एका कॉलेजचं छोटंसं रेडिओ केंद्र होतं. त्यांना ‘गाऱ्हाणं’ या कार्यक्रमासाठी निवेदक हवा होता. केंद्रप्रमुख चैताली मॅडमची अट एकच होती: समोरचा काहीही बोलला तरी शांतपणे ऐकून घेता आलं पाहिजे. याबाबतीत संपतरावांचा अनुभव दांडगा होता.

कार्यक्रमाचं स्वरूप साधं होतं. श्रोत्याने फोनवर तक्रार मांडायची, संपतरावांनी “खरं आहे, फार सोसलंत” म्हणायचं आणि मग श्रोत्याच्या पसंतीचं गाणं. पदावर असताना फोन न उचलणारा माणूस आता पहिल्याच घंटेला उचलतो, याचं लोकांना अप्रूप वाटलं.

निवृत्त शिक्षिका ललिताताई खरे यांच्या सोसायटीसमोर ड्रेनेजचं चेंबर तुंबून वाहत होतं. त्या दर मंगळवारी फोन करीत.

“आज वास कसा आहे, ताई?”

“काल ढगाळ होतं ना, त्यामुळे जरा भरदार आहे.”

ललिताताईंचा आवाज ओळखून भाजीवाला कोथिंबीर फुकट देऊ लागला. सोसायटीतले लोक पाहुण्यांना चेंबर दाखवायला आणू लागले. कोथरूडमधून तीन सोसायट्यांनी आपला वास अधिक जुना असल्याचा दावा केला. खडकीच्या एका गृहस्थांनी, आपल्याकडे काहीच तुंबत नाही, अशी तक्रार नोंदवली. क्षेत्रीय कार्यालयात कोणी अर्ज घेऊन गेलंच, तर तिथले अभियंते विचारत, “रेडिओवर सांगितलंत ना? मग इथे काय काढलंत?” पुढे कार्यालयाचं छत गळू लागलं, तेव्हा अभियंत्यांनीही रेडिओवरच फोन केला. त्यांना भावगीत ऐकवण्यात आलं.

असं सुरळीत चाललेलं असताना एके सकाळी केंद्रावर जाताना संपतरावांचा पाय ललिताताईंच्या सोसायटीसमोरच्या पाण्यात घोट्यापर्यंत गेला. चप्पल आतच राहिली. वर्षभर ऐकलेलं चेंबर त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी अभियंत्यांना तिथूनच फोन लावला आणि सफाईची गाडी येईपर्यंत एकाच पायात चप्पल घालून तिथेच उभे राहिले. चेंबर साफ झालं, झाकण बसलं. पाणी गुडगुड करत खाली उतरताना पाहून त्यांना काहीतरी झालं. काय झालं, ते त्यांना नीट सांगता येईना.

“मी आज एक काम केलं,” ते घरी येऊन म्हणाले.

“कसलं?”

“कसलं म्हणजे? काम.”

पद्मजाबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

मंगळवारी त्यांनी ही बातमी अभिमानाने प्रसारित केली. लगेच ललिताताईंचा फोन आला.

“कोणी सांगितलं होतं तुम्हाला?”

“अहो ताई, तक्रार तुमचीच होती.”

“तक्रार होती. काम सांगितलं नव्हतं.”

त्या दिवशी त्यांनी गाणंही मागितलं नाही. पुढे फोन ओसरले. चैताली मॅडमनी संपतरावांना खोलीत बोलावलं. “सर, श्रोते घाबरलेत. म्हणतात, यांना काही सांगितलं तर हे करून टाकतील.”

तेवढ्यात निवडणूक जाहीर झाली. संपतरावांनी माइक सोडला आणि अर्ज भरला. ललिताताईंच्या सोसायटीतच सभा झाली.

“मी खरं विचारतो,” ते म्हणाले. “तुमचं ऐकत बसू, की तुमची कामं करू? दोन्हीला वेळ पुरणार नाही.”

हात वर करायला सांगितले. ऐकण्याच्या बाजूने सगळ्या सभागृहाचे हात वर झाले. मागे बसलेला पियुष नावाचा नवा भाडेकरू तेवढा उठला.

“सॉरी, पण पाणी, रस्ता, काहीच नकोय का कोणाला?”

“भाड्याने आहात ना?” ललिताताई म्हणाल्या. “मग बसा.”

पद्मजाबाईंनी घरी समजावून पाहिलं. संपतराव ऐकेनात. प्रत्येक चौकात ते “मी कामं करीन” असंच सांगत फिरले. प्रतिस्पर्धी राजनंदिनीताईंनी दर चौकात एक अहोरात्र श्रवण केंद्र उघडण्याचं वचन दिलं. त्या प्रचंड मतांनी निवडून आल्या. संपतरावांची अनामत रक्कम गेली.

निकालानंतर सगळी सोसायटी त्यांच्या घरी सांत्वनाला आली. “खरं म्हणजे तुमच्यासारखाच माणूस यायला हवा होता,” जो तो म्हणाला. मत कोणाला दिलं, असं संपतरावांनी विचारल्यावर सगळ्यांनी चहाचं कौतुक केलं.

ही हकिगत वाचून तुम्ही म्हणाल, माणसं अशी कशी असतात, कोणीतरी काहीतरी केलं पाहिजे. अगदी रास्त आहे. तुमचं म्हणणं आमच्यापर्यंत पोहोचलं. आता बरं वाटत असेल.