सर्व्हरची खंडेनवमी

"दसऱ्यापर्यंत हे डबडं एकदाबी बंद पडलं न्हाय, तरच इंटरनेटची लाईन ऱ्हाईल. न्हायतर कट!" आप्पांनी लेकीसमोर जाहीर केलं.

"चालतंय की!" शांभवीने छाती फुगवून सांगितलं.

दहावीतल्या या पोरीने घरच्या कम्प्युटरचा चक्क सर्व्हर केला होता. म्हणजे तिने बनवलेलं पान, रत्नव्वा अज्जीच्या शेंगदाणा चटणीच्या कृतीसकट, जगात कुणालाही उघडता येणार. फक्त कम्प्युटर कायम चालू हवा. पंच होता बेंगळुरूचा आतेभाऊ राजशेखर. तो तिथल्या कंपनीत कम्प्युटरवर काम करायचा. "कोल्हापुरात सर्व्हर? चटणीच बरी!" म्हणून हसायचा. तिथून रोज पान उघडून बघायचं आणि आप्पांना निकाल कळवायचा, हे काम त्याच्याकडे.

सगळं झकास चाललं होतं, आणि खंडेनवमी उजाडली.

आप्पांच्या कारखान्यातली लेथ मशीनं हार घालून गप्प बसली. मग अज्जी पूजेचं ताट घेऊन कम्प्युटरकडे वळली.

"बंद कर गं. आज हत्यारं इस्रांती घेत्यात."

शांभवीने हळूच नुसता मॉनिटर बंद केला. अज्जी खूश! हळद, कुंकू, झेंडूचा हार. तेवढ्यात टेबलाखालून घूं घूं ऐकू आलं.

"ह्यो खालचा डबा घुमतोय की!"

"अज्जी, तो... श्वास घेतोय."

"मग झोपू दे की बिचाऱ्याला!" अज्जीने भिंतीवरचं बटण खटकन बंद केलं आणि त्यालाही कुंकू लावलं. आता पूजा उतरेपर्यंत त्याला हात लावायची आप्पांचीसुद्धा टाप नव्हती. ते तर कारखान्यातून आले, हाराला नमस्कार केला आणि डबा चालू का बंद हे न बघताच चहाला बसले.

संध्याकाळी फोन वाजला. राजशेखर! शांभवीने आप्पांच्या आधी धावत जाऊन फोन घेतला.

"दादा, कसा... कसा चाललाय सर्व्हर?"

"एक नंबर! सकाळपासून बघतोय. आत्ताच चटणी वाचली."

शांभवीने वळून पाहिलं. कम्प्युटर हाराखाली गाढ झोपलेला. एवढ्यात फोनमधून आत्याचा खणखणीत आवाज आला, "राजू, त्या कम्प्युटरचा हार काढलास तर बघ! उद्यापर्यंत हात लावायचा न्हाय!"



"दादा," शांभवी साखर घोळलेल्या आवाजात म्हणाली, "तुमच्याकडं झेंडू का शेवंती?"

"शेवंती. हाफिसातबी तेच. मामांना फोन दे, आणि गप बस."

आप्पांनी बराच वेळ नुसतं "व्हय, व्हय" केलं. मग रिसीव्हर ठेवून म्हणाले, "एकदाबी बंद पडलं न्हाय म्हणतोय. पोरगी हुशार हाय. लाईन ऱ्हाऊ दे."

अज्जीने समाधानाने सर्व्हरवर आणखी एक फूल ठेवलं.

"बघ! इस्रांती दिली, तवाच एवढा चालला."