खुर्च्यांनी अडवलेलं वाचनालय

"फाइल उशिरा उघडते यात फाइलचा दोष नसतो, माणसांचा असतो," वॉरन लुंडीन म्हणाला आणि त्याने बाह्या वर सारल्या. "जेवणाआधी ही फाइल हरणासारखी पळते की नाही, बघ."

जॉइस टार्वाइननने आपला कॉफीचा कप त्याच्या टेबलावरून उचलून घेतला. अमेरिकेतल्या डलूथ शहरातल्या त्या लहानशा आर्किटेक्ट ऑफिसात दोघं भागीदार होते, आणि वॉरनने बाह्या सारल्या की काहीतरी मोडतं हे तिला अनुभवाने माहीत होतं. आज मोडून चालणार नव्हतं. दुपारी शेजारच्या गावच्या मंडळापुढे वाचनालयाचा आराखडा दाखवायचा होता आणि मतदानही आजच होतं. आराखडा दिसला नाही, तर ती जागा पार्किंगला जाणार. आणि फाइल उघडायला इतका वेळ घेत होती, की तेवढ्यात खरी भिंत उभी राहिली असती.

वॉरनने आधी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मग टेबलाखाली शिरून एक वायर उपटली, पुन्हा खोचली आणि "जोडणी ढिली होती" असं निदान केलं. प्रिंटर बंद पडला. फाइल होती तशीच. मग ओझं कमी करू म्हणत त्याने आराखड्यातली झाडं काढली, माणसं काढली, शेवटी पुस्तकंही काढली.

"वाचनालयातून पुस्तकं काढलीस?" जॉइसने विचारलं.

"पुस्तकं जड असतात."

"ती कागदाची. हे नुसते रंगीत ठोकळे होते."

"एवढं कळतं तर तूच का नाही करत दुरुस्त?"

"कारण तू खुर्चीला हात लावू देत नाहीस."

खुर्ची हा नाजूक विषय होता. इतरांना लहानपणी गोवर येतो, तशी आर्किटेक्टला आयुष्यात एकदा खुर्ची होते. वॉरनची बरी झालीच नव्हती. प्रत्येक इमारतीत तो स्वतः आखलेली खुर्ची मांडायचा, आणि एकाही गावाने ती अजून बनवून घेतली नव्हती. या वेळी तर त्याने तिच्या गादीचा टाका न् टाका, स्क्रूचा आटा न् आटा रेखाटला होता. अशा दीडशे खुर्च्या.

"आटे लाकडाच्या आत असतात, वॉरन. ते कुणाला दिसणार?"

"ते आहेत हे मला माहीत असतं ना!"

याला शास्त्रात उत्तर नाही. जॉइसने कालची प्रत कशीबशी उघडली, तिच्यातून खुर्च्या तेवढ्या काढल्या, फाइल बंद केली आणि पुन्हा उघडली. बटणावरचं बोट उचलायच्या आत वाचनालय समोर.

"योगायोग," वॉरन म्हणाला. "मी माझीच फाइल दाखवणार. खुर्च्यांशिवाय मी तिथे उभा राहणार नाही."

"मग बसशील कशावर?"

चर्चच्या तळघरात मंडळ जमलं. वॉरनने आपली फाइल लावली. पडद्यावर एक वर्तुळ फिरू लागलं. मंडळाच्या अध्यक्ष हेग्लंड बाईंनी लिंबाच्या वड्यांचं ताट फिरवलं. वड्या संपल्या, वर्तुळ फिरतच होतं.

"गोल आहे होय वाचनालय?" मागून कुणीतरी विचारलं.

जॉइसने पडद्याची वायर काढून आपल्या लॅपटॉपला जोडली. वाचनालय उभं राहिलं, झाडं, माणसं, पुस्तकं सगळ्यांसकट. दोन-चार प्रश्न झाले, हात वर झाले, पार्किंग हरलं. तिने पहिल्यांदा पाठ टेकली.

"फक्त एक," हेग्लंड बाई म्हणाल्या. "लोक बसणार कशावर?"

वॉरन याच प्रश्नासाठी जन्मला होता. "दाखवतो," म्हणत त्याने वायर परत आपल्याकडे ओढली. वर्तुळ.

"राहू द्या हो. या घडीच्या खुर्च्या पडूनच आहेत इथे. न्या त्याच."

एकेकाने कोट चढवला. खोली रिकामी झाली, आणि तेव्हा पडद्यावर दीडशे खुर्च्या उमटल्या, टाक्यांसकट. घडीच्या खुर्चीवर बसून वॉरन त्यांच्याकडे बघत राहिला.

"मला दिवे मालवायचेत," दारातून हेग्लंड बाई म्हणाल्या.

"मालवा की," वॉरन म्हणाला. "अंधारात टाके जास्त उठून दिसतात."