हत्तीने पास केलेली कडी

एका जंगलात नदी होती आणि पूल नव्हता. का नव्हता, असं विचारू नका. चांगली मुलं असं विचारत नाहीत.

पुलाऐवजी राजेसाहेबांनी तारेवरून जाणारा पाळणा बसवला. पाळणा ज्या कडीला लटकणार, ती ओतायचं काम राणीसाहेबांच्या भावाला मिळालं. तो अस्वल होता. सिंहिणीचा भाऊ अस्वल कसा, हेही विचारू नका.

अस्वलाने जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, जुनी पातेली गोळा केली, ओलीच भट्टीत टाकली आणि घाईघाईत कडी ओतली. आत बुडबुडे राहिले. बाहेरून मात्र त्याने ती अशी घासली की तिच्यात तोंड दिसावं. राजेसाहेबांना स्वतःचं तोंड दिसलं आणि कडी आवडली.

मग परीक्षा झाली. हत्तीला पाळण्यात बसवलं. कडी तुटली नाही. तपासनीस लांडग्याने 'कायमची पास' असा शिक्का मारला. हत्ती उतरला तो पुन्हा कधी चढला नाही. त्याला नदी चालत ओलांडता येत होती.

चढायचे ते छोटे प्राणी. त्यातली एक सशीण. तिची पिल्लं या काठावर, कोवळं गवत त्या काठावर. रोज दहा खेपा.

कडीतल्या एका बुडबुड्यात मुंगी राहायला गेली. घर बरं होतं, पण भिंतीला केसाएवढी भेग होती. पाळण्यात कोणी चढलं की ती उघडे, उतरलं की मिटे. दर खेपेला जराशी लांबलेली असे. वर्षभराने मुंगी लांडग्याकडे धावली.

"साहेब, पाळणा बंद करा. भेग पार कडेला टेकलीय."

"हत्ती बसला तेव्हा तुटली का?"

"नाही. पण तो एकदाच बसला. बाकीचे रोज बसतात."

"ससा हत्तीपेक्षा जड असतो का?"

"नाही, पण..."

"मग झालं तर! काल तुटली नाही, आज तुटली नाही. म्हणजे दिवसेंदिवस मजबूतच होतेय. निघा आता."

मुंगी सशिणीकडे गेली. सशीण म्हणाली, "खरं असेल गं बाई तुझं. पण पिल्लं सकाळपासून उपाशी आहेत." आणि ती पाळण्यात चढली.

नदीच्या मधोमध कडी तुटली. सशीण बुडाली. पिल्लं काठावरून बघत होती.

चौकशी झाली. लांडग्याने निकाल वाचला. "हत्तीला पेलणारी कडी या सशिणीखाली तुटली. अर्थात मयत सशीण हत्तीपेक्षा जड होती. तिने आपलं वजन लपवलं."

पिल्लांना कडक समज देण्यात आली. "समज कसली देता, त्यांची आई द्या!" असं मुंगी ओरडली. सरकारी कडीत विनापरवाना राहिल्याबद्दल तिला धरून नेलं.

नव्या कडीचं काम अस्वलालाच मिळालं. त्याला अनुभव होता.

तात्पर्य: भेग सगळ्यांच्या खेपांनी वाढते, पण गुन्हेगार ठरतो तो शेवटी बसलेला. म्हणून मुलांनो, आयुष्यात नेहमी शेवटून दुसरे व्हा. आपल्या मागून कोण चढतंय, ते वळून बघू नका.