दुसरे गिअराची मोहीम

हकीकत ऐसीजे. थोर थोर मोहिमांची दप्तरे लिहिणारे लिहून गेले, परंतु काटेवाले सरकारांनी आपले मोटारसायकलीचा गिअर लिव्हर बदलून दुसरा गिअर कैसा काबीज केला हे कोणी लिहिले नाही. सबब गल्लीतील ज्यांनी गॅलरीतून डोळ्यांनी पाहिले त्यांच्या जबान्या घेऊन, आणि ज्यांनी काही पाहिले नाही तरी भरभरून सांगितले त्यांच्या वगळून, हे लिहिले असे. वाचणाराने हसू नये. हसल्यास तोंडावर हात ठेवून हसावे.

काटेवाले सरकार म्हणजे दुकानोदुकानी वजनकाटे दुरुस्त करणारे. मुलूख मोठा. किराणावाले, भंगारवाले, सोनार, धान्याची गोदामे, कोणाचाही काटा रुसला की सरकारांनी पाना, कानस आणि लेव्हलची पट्टी, जिचे पोटात पिवळ्या पाण्याचा बुडबुडा फिरतो, ती घेऊन मोटारसायकलीवर स्वार व्हावे आणि काट्याची दांडी सरळ केल्यावाचून यजमानाचा चहाही घेऊ नये, ऐसा लौकिक. बत्तीस वर्षांत त्यांचे हातचा काटा केसभर झुकला नाही, हे त्यांचे दुष्मनही कबूल करितात, आणि दुष्मन म्हणजे मापात मारणारे दुकानदार, ते काही थोडे नव्हेत.

ऐसे असता एके दिवशी गोदामात काटा टांगून उतरताना, शिडीची अजून एक पायरी आहे ऐसे समजोन सरकारांनी पाऊल टाकिले, तो पायरी संपली होती. डावा घोटा मोडला. दीड महिना प्लास्टर, मग प्लास्टर उतरले, घोटा जुळला, आणि पंजा फितूर जाहला. खाली दाब म्हटले तर दाबी, वर उचल म्हटले तर ढिम्म. डॉक्टरांनी इत्तला दिली की ताकद येईल, पण चार-सहा महिने धीर धरावा. आता मोटारसायकलीचा कायदा ऐसा की पहिला गिअर पंजाने खाली दाबून पडतो, आणि दुसरा, तिसरा, चौथा हे तिन्ही पंजा लिव्हरखाली घालून वर उचलिल्याने पडतात. येणेकरून सरकारांचे अमलाखाली एकटा पहिला राहिला, बाकी तिन्ही हातचे गेले.

तथापि सरकार हटणारे नव्हेत. पहिल्यावरच स्वारी काढिली, आणि इंजिनाने ऐसा टाहो फोडिला की रस्त्याचे कुत्रे उठून उभे राहिले. सायकलवाले पुढे निघून गेले. एक काठीवाले आजोबा तर बाजूबाजूने चालत राहून अर्धा रस्ता पायाची चौकशी करीत होते, आणि सरकारांस त्यांस मागे टाकणे जमले नाही.

मग अनर्थ ओढवला. घरच्या बाईसाहेब चौकात औषधांचे दुकानी उभ्या असता त्यांनी पाहिले की, ऐन चौकाचे मधोमध सरकार मोटारसायकलीवरून ओणवे होऊन लिव्हर हाताने वर ओढीत आहेत, आणि त्या झटापटीत इंजिन गचकन बंद पडले आहे, आणि मागून ट्रक येत आहे. ट्रकाने भोंगा वाजविला, ब्रेक दाबिले, आणि तो दोन हातांवर येऊन थांबला. बाईसाहेबांचे हातून गोळ्यांची पाकिटे खाली पडली. घरी येऊन फर्मान सुटले ते येणेप्रमाणे:

"आठ दिवस देते. तेवढ्यात सगळे गिअर पायाने पडले तर ठीक, नाहीतर गाडी माझ्या भावाला. मला त्या चौकात पुन्हा तसं उभं राहायचं नाही."

येणेप्रमाणे गाडीवर टाच आली.

बाईसाहेबांचे बंधू, राजश्री मेव्हणे, यांचा या गाडीवर कैक वर्षांपासून डोळा. वर्दी लागताच ते सायंकाळी सहजच म्हणोन दाखल जाहले, चाकातील हवा अंगठ्याने दाबून पाहिली, गादीवर बसून आरसा आपले नाकडोळ्यांस जुळवून घेतला, आणि वर औदार्य ऐसे की, "भावोजी, काळजी कशाला? मी सोडत जाईन की तुम्हाला दुकानोदुकानी." या वाक्याने सरकारांस जे लागले ते शिडीवरून पडूनही लागले नव्हते. बत्तीस वर्षे आपले हिमतीवर मुलूख फिरलेला माणूस, त्याने मेव्हण्याचे पाठीमागे पिशवी मांडीवर घेऊन बसावे! त्यांस त्या सांजेस जेवण गोड लागले नाही.

दुसरे दिवशी सरकार पाना उस्तादांचे गॅरेजात मसलतीस गेले. उस्ताद एका स्कूटरखाली उताणे होते, त्यांचे फक्त पाय दरबारात हजर होते. सर्व कैफियत ऐकून पायांनी जाब दिला:

"अहो, पंजा ऐकत नाही तर त्याच्या विनवण्या कशाला करता? टाच शाबूत आहे ना? मग मारा टाच!"

आणि उलगडा केला की दुपाखी लिव्हर मिळतो, पुढली पाख पंजास, मागली टाचेस, मधे दांड्यावर बसतो, मागली टाचेने दाबिली की पुढली आपसूक उचलली जाते. सरकार ताडकन उभे राहिले. "म्हणजे काट्याची दांडीच की ही!" ऐसे म्हणोन त्यांनी उस्तादांचे पायच हातात घेऊन हलविले. ज्या टाचेने गाडी चालली होती त्याच टाचेने गाडी राहावयाची, हे पाहोन त्यांस भरून आले.

मग सुट्या भागांचे बाजारावर चाल केली. पहिला लिव्हर चकचकीत, परंतु मागली पाख इतकी लांब की टाच तेथवर न्यावयास गुडघा मागे वळवावा लागे. दुकानदाराने शपथेवर सांगितले की हा सर्व गाड्यांस बसतो, सरकारांनी तो त्याचेच हाती परत दिला. दुसरा मापाचा, पण भोकातील दाते गाडीचे दांड्याशी जमेनात. तिसरा जुन्या मालाचे डब्यात तळाशी निपचित पडला होता, काळा, टाचेकडील रबर झिजलेले. सरकारांनी तो मधोमध पेचकसावर टांगिला, आणि दोन्ही पाखा समतोल राहिल्या. लिव्हर ऐसा तोलून घेणारे गिऱ्हाईक दुकानदाराने पूर्वी पाहिले नव्हते.

सहावे दिवशी अंगणात मोर्चे लाविले. बोल्ट दहाचे पान्याने सैल जाहला, परंतु जुना लिव्हर गंजाचे बळावर किल्ला लढवीत बसला. तेल सोडिले, ठोकिले, समजाविले, शिव्या घातल्या, आणि दुपारी तो ऐसा एकाएकी सुटला की सरकार लिव्हरासह तुळशी... छे, जबानी देणारा चुकला, तेथे कोरफड होती, तीत जाऊन बसले. मग नवा चढविला, वर लेव्हलची पट्टी ठेविली, बुडबुडा बरोबर मधे आणिला, बोल्ट आवळिला आणि टाच मारिली. पाख खाली गेली ती पायदानाच्या नळीस टेकली, आणि गिअर काही पडला नाही.

पुन्हा सोडिला, पुन्हा बुडबुडा मधे आणिला, पुन्हा तेच. तीन हल्ले जाहले, तिन्ही पायदानापाशी मोडले. उस्तादांस बोलाविणे गेले. त्यांनी एक नजर टाकून सांगितले की दांड्यावर एक दात फिरवा, टाचेकडील बाजू वर राहू द्या, पंजाकडील खाली, म्हणजे दाबावयास जागा मिळते.

"वाकडा लावू?" सरकार कडाडले. "माझ्या हातून?"

"तिरका हो, वाकडा नाही!"

"दांडी सरळ नाही म्हणजे वाकडीच. बत्तीस वर्षांत कोणाची दांडी झुकवली नाही, आता स्वतःच्या दारात झुकवू?"

उस्तादांनी हात पुशिले. "काटेवाले, गाडी तुमची, तत्त्व तुमचं. फिरा मग पायी." ऐसे बोलोन ते कूच करते जाहले.

सातवा दिवस उजाडला आणि कलला. सरकार पायरीवर बसले, पट्टी हातात, बुडबुडा मधे, गाडी जागेवर. स्वयंपाकघराचे खिडकीतून बाईसाहेब पाहत होत्या. गाडी जावी, चौकाची धास्ती संपावी, ऐसी त्यांची मनापासून इच्छा, ती उद्या पुरी व्हावयाची होती. परंतु पायरीवरचा माणूस कोणावर चिडेना, नुसता घोटा चोळी आणि गाडीकडे पाही, आणि ते त्यांच्याने बघवेना. ट्रकास भ्याल्या ते खरे, पण हे त्याहून जड जाहले. ओले हात पदरास पुशीत त्या अंगणात आल्या आणि त्यांनी आपलेच फर्मानाविरुद्ध आपणच हत्यार उपसले:

"अहो, तो काटा नाही, गिअर आहे. त्यावर काय कोणाची डाळ मोजायची आहे? बत्तीस वर्षं जगाला सरळ माप दिलंत ना, एकदा स्वतःच्या पायाला द्या की झुकतं माप! कोण येतंय तपासायला?"

सरकारांनी वर पाहिले. मग पाना उचलिला. लेव्हलचे पट्टीवर फडके टाकिले, तिने हे पाहू नये म्हणोन, आणि लिव्हर एक दात फिरवून आवळिला. इंजिन चालू केले, पहिला घातला, गाडी फाटकापर्यंत नेली आणि टाच मारिली. खट्! दुसरा पडला. इंजिनाचा टाहो थांबून ते गुरगुरू लागले, आणि तीन गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या.

आठवे दिवशी सकाळी राजश्री मेव्हणे मस्तकी नवे हेल्मेट चढवूनच हजर जाहले. बाईसाहेबांनी जाहीर केले की अंगणातले गिअर धरीत नाही, मी मागे बसून रस्त्यावर पाहीन. इतके बोलोन त्यांनी बंधूंचे मस्तकीचे हेल्मेट उतरविले, आपले मस्तकी धारण केले, आणि स्वार जाहल्या. पहिला पडला. दुसरा पडला. पुढे तो चौक आला. बाईसाहेबांनी सरकारांचा खांदा ऐसा आवळिला की बोटे उमटली, आणि डोळे गच्च मिटिले. खट्! तिसरा पडला. डोळे उघडिले तो चौक मागे राहिला होता, आणि पुढे रस्ता मोकळा, सरळ. खांद्यावरची बोटे सैल जाहली. मग मागील आसनावरून हुकूम सुटला:

"चौथा काय शोभेला ठेवलाय? टाका की!"

सरकारांनी टाच मारिली, बाईसाहेबांनी टाच उठविली.

येणेप्रमाणे तीन गिअर परत अमलाखाली आले, फत्ते जाहली, ऐसे सर्व गॅलऱ्यांचे साक्षीने दप्तरी दाखल केले असे. मेव्हणे दीड तास उघड्या मस्तकाने फाटकापाशी तिष्ठत राहिले. उभयतां कोठवर गेली होती हे लेखनिकास ठाऊक आहे, परंतु ते लिहिण्यास बाईसाहेबांची मनाई आहे.