येते का आवाज?

आमचे शेजारी श्रावणकाका फोनवर 'हॅलो' म्हणत नाहीत. 'येते का आवाज?' असं विचारतात, आणि समोरचा 'येते' म्हणेपर्यंत पुढचा शब्द काढत नाहीत. एकदा बुद्धविहारात त्यांच्या हाती माईक दिला. शेवटच्या रांगेतल्या आजीबाईंना कमी ऐकू येतं. त्या काही बोलेनात, म्हणून काकांचं भाषण झालंच नाही.

काका टेलिफोन खात्यात लाईनमन होते. खांबावर चढून वायर जोडली की टेस्ट फोनवरून पहिला कॉल एकोडीला, स्वतःच्या घरी. शेवंताकाकू चुलीवरचा भाताचा गंज उतरवून धावत यायच्या आणि म्हणायच्या, "येते. उतरा आता खाली." मगच काका उतरायचे. मी त्यांच्याच ओट्यावर अभ्यास करायची, त्यामुळे हे वाक्य मला माझ्या पाढ्यांइतकं पाठ आहे.

काकू जाऊन दोन वर्षं झाली. घरचा फोन त्याआधीच बंद पडला होता. तो सेट अजून फळीवर आहे, काकूंनी विणलेल्या रुमालाखाली.

यंदा मी नवा लॅपटॉप घेतला, स्वतःच्या पगारातून. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे सांगायला मला संकोच वाटत नाही. दुसऱ्याच दिवशी काका दारात.

"जयभीम मॅडम. तो जुना कम्प्युटर मले दे."

"काहून काका? मोबाईल तं हाय ना तुमच्याजवळ!"

"मोबाईल खिशात राह्यते. घरात लाईन कुठं हाय?"

लाईन म्हणजे वायर. वायफायचं नाव काढलं तर म्हणाले, "हवेतली लाईन बिघडली तं मी चढू कशावर?"

जुन्या मशीनला नवी सिस्टिम झेपणार नव्हती, म्हणून रविवारी मी त्यात लिनक्स ही हलकी सिस्टिम टाकायला घेतली. आमच्या राउटरपासून केबल काढली, अंगणातून, तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगाखालून, थेट काकांच्या खिडकीत. इन्स्टॉल छान झालं. काकांनी एक ते शंभर सगळे टक्के मोठ्यानं वाचले. पण नेटवर्क काही येईना.

मी कमांडवर कमांड मारल्या. ड्रायव्हर बदलला. मशीन चार वेळा बंद-चालू केलं.

"लाईन चालून पाह्यली का, मॅडम?"

"काका, हा सॉफ्टवेअरचा प्रश्न आहे. मी कॉम्प्युटरमध्ये बी.एस्सी. आहे," मी एकदम शुद्ध मराठीत सांगितलं.

"हो ना बाई. म्हनून तं विचारलं."

दोन तासांनी काका उठले. केबल दोन बोटांत धरली आणि तिच्यामागे चालत निघाले, जसे आयुष्यभर तारेमागे शेतांच्या धुऱ्याधुऱ्यानं, बांधाबांधानं चालत गेले होते तसे. तणसापाशी थांबले. हात घातला आणि अंगणातूनच ओरडले, "मॅडम, तुह्या सॉफ्टवेअरले उंदरानं खाल्लं!"

आठ तारा त्यांनी रंगाला रंग जोडून बांधल्या, वर टेप गुंडाळली आणि आत येऊन ते खुर्चीत बसले. मी पिंग मारलं, म्हणजे पलीकडे हाक देऊन पाहिली. स्क्रीनवर ओळीमागून ओळ धावू लागली.

"झालं काका! उत्तर येऊन राहिलं."

"कोनाचं?"

"राउटरचं."

"तो तं तुह्याच घरचा डब्बा. त्याले का समजते?" काका खुर्चीवरून हलेनात. "मानसानं म्हनलं पाहिजे."

मग काय करते! त्यांच्या कानाला हेडफोन लावला, कॉल कसा घ्यायचा ते दाखवलं आणि घरी येऊन लॅपटॉपवरून कॉल केला.

"येते का आवाज?"

"येते, काका."

पलीकडून काहीच नाही. वाटलं, उंदीर पुन्हा आला. पण त्यांच्या पंख्याची घरघर नीट ऐकू येत होती. मी खिडकीतून पाहिलं. अंगणापलीकडे काका ताठ बसले होते. एका हातानं टेबलाची कड घट्ट धरलेली, खांब धरावा तशी. डोळे वर, फळीवरच्या रुमालाकडे.

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. चार पुस्तकं जास्त शिकून मला एवढंही सुचलं नव्हतं.

"येते," मी परत म्हटलं. "उतरा आता खाली."

त्यांची टेबलावरची बोटं एकेक करून सुटली.

"हो," काका म्हणाले. "उतरून राहिलो."